काचेच्या पेटीतले शेत : पाण्यातील रोपांना कर्बवायू किती द्यावा?

पिकाला काय काय लागते, असे विचारले तर शेतकऱ्याच्या घरातले शाळकरी पोरही पटकन सांगेल : माती, पाणी, ऊन आणि खत. हवेचे नाव सहसा कोणी घेत नाही. ती फुकट मिळते, आणि जे फुकट मिळते त्याची आठवण राहत नाही. खरे पाहता वाळलेल्या कडब्याच्या वजनात चाळीस ते पंचेचाळीस टक्के वाटा एकट्या कर्बाचा असतो, आणि तो सारा पानाने हवेतल्या कर्बवायूतून घेतलेला असतो. आपण गाडीभर शेणखत घालतो, युरियाचे पोते फोडतो. पण पिकाचे हे सर्वांत मोठे खत वारा आपणहून शेतात आणून टाकतो.

पाण्याखालच्या रोपाला मात्र हा वारा नाही. त्याची हीच अडचण आहे, आणि आजचा लेख त्याच अडचणीविषयी आहे.

अलीकडे खेड्यापाड्यांतही बैठकीच्या खोलीत काचेची मत्स्यपेटी दिसू लागली आहे. कोणी मुलांच्या हौसेसाठी ठेवतो, तर कोणी रंगीत मासे व पाणवनस्पती वाढवून तालुक्याच्या बाजारात विकण्याचा जोडधंदा करतो. अशा घरांतून दोन तक्रारी हटकून ऐकू येतात. पहिली, "रोपे चांगली आणली होती, पण महिन्याभरात पाने पिवळी पडून कुजली आणि काचेवर शेवाळ माजले." दुसरी अधिक वाईट : "रात्री मासे चांगले होते, सकाळी पाहतो तर सगळे पोट वर करून तरंगत होते." या दोन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी असू शकतात. पण पुष्कळदा पहिलीच्या मुळाशी कर्बवायूची टंचाई असते आणि दुसरीच्या मुळाशी त्याची अति असते. तेव्हा हा हिशेब घरातल्या सर्वांनीच समजून घ्यावा.

दिवसा एक, रात्री दुसरे

डच वैद्य इंगेनहाउझ यांनी १७७९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी हिरवी पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली. पानांवर बारीक बुडबुडे धरले. तीच पाने अंधारात ठेवली, तेव्हा ते बुडबुडे येईनात. उन्हात पान हवा शुद्ध करते आणि अंधारात तेच पान हवा दूषित करते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आजच्या भाषेत सांगायचे तर उजेडात रोप कर्बवायू घेते व प्राणवायू सोडते. श्वासोच्छ्वास मात्र ते रात्रंदिवस करीत असते. उजेड गेला की कर्बवायू घेणे थांबते, आणि माशांप्रमाणेच रोपही प्राणवायू खाऊन कर्बवायू सोडू लागते.

पुढे १८५० साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका काचपेटीत दोन सोनेरी मासे व व्हॅलिसनेरिया नावाची फितीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवून या देवघेवीचा मेळ बसवून दाखविला. कुजकी पाने व शेवाळ साफ करण्यासाठी त्यांनी पाण्यातल्या गोगलगाई सोडल्या. मासा, रोप आणि गोगलगाय एकमेकांच्या आधाराने कशी नांदतात, हे त्या पेटीत दिसले. ही व्हॅलिसनेरिया आपल्याकडच्या तळ्या-ओढ्यांतही वाढते.

पाण्यात तो इतका कमी का?

उघड्यावर ठेवलेल्या पाण्यात हवेतला कर्बवायू आपोआप विरघळतो, पण फार थोडा. आपल्या हवामानात एका लिटरला अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहून किंचित अधिक, एवढाच. शिवाय हवेत हा वायू जितक्या लवकर इकडून तिकडे पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो स्थिर पाण्यातून सरकतो. पानाने जवळचा वायू खाऊन टाकला की पुढचा घास लवकर येत नाही. दाट लावलेल्या पेटीत प्रखर दिवा लावला तर एक-दोन तासांतच ताट रिकामे होते, आणि मग दिवा कितीही जळो, रोप उपाशीच.

असे उपाशी रोप दुबळे होते, जुनी पाने टाकू लागते. कुजणाऱ्या पानांतून सुटलेले अन्न व वरचा फुकटचा उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतो. रानात पीक विरळ झाले की तण जोर धरते, तसेच हे. म्हणून शेवाळ झाले की औषध शोधण्याआधी रोप उपाशी आहे काय, ते पाहावे.

काही वनस्पतींना यावर तोड सापडली आहे. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, सेराटोफायलम या पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारातूनही कर्ब काढून घेतात. कठीण पाण्यात हायड्रिलाच्या पानावर पांढरट, खरखरीत पुटे चढलेली दिसतात ती याचीच खूण. क्षारातला कर्ब पानाने घेतला आणि चुना मागे राहिला. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल त्या घराने या वनस्पतींपासून सुरुवात करावी. त्या काटक आहेत, मागणे थोडे आहे. जावा मॉससारखी पाण्यातली हरिता मात्र क्षारातून कर्ब घेऊ शकत नाही. तिला विरघळलेला वायूच हवा.

पहिला मार्ग : माती

वायू विकत घेण्याआधी घरचा वायू वापरावा. अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात ही पद्धत सविस्तर मांडली आहे. तिच्यात शेतकऱ्याला नवे वाटावे असे फारसे काही नाही, कारण सारा भर मातीवर आहे.

पेटीच्या तळाशी सुमारे एक इंच जाडीचा साध्या मातीचा थर द्यावा. माती चाळलेली असावी. तिच्यात ताजे शेण, रासायनिक खत किंवा कीटकनाशकाचा अंश मुळीच नसावा. नुकतीच फवारणी झालेल्या रानातली माती कधीही आणू नये. या थरावर एक इंच जाड वाळू किंवा बारीक खडी पसरावी, म्हणजे पाणी गढूळ होत नाही. मातीतला सेंद्रिय भाग जिवाणू हळूहळू कुजवितात आणि त्यातून कर्बवायू सुटत राहतो. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांतूनही तो निर्माण होतो. पहिल्याच दिवशी रोपे दाट लावावीत, मासे मात्र काही आठवड्यांनी, तेही थोडे, सोडावेत.

या पद्धतीत दिव्याला दुपारची विश्रांती देण्याची युक्ती फार कामाची आहे. सकाळी चार-पाच तास दिवा, मग तीन-चार तास बंद, आणि संध्याकाळी पुन्हा चार तास. मधल्या विश्रांतीत मातीतून आलेला वायू पाण्यात साठतो आणि संध्याकाळच्या पाळीला रोपाला पुन्हा ताट वाढलेले मिळते. यासाठी खर्च काहीच नाही. पुष्कळ घरांना एवढी पद्धत पुरे आहे. यात वायूची अति होण्याची भीतीही फार थोडी.

दुसरा मार्ग : साखर आणि यीस्ट

लाल पानांची किंवा जलद वाढणारी नाजूक रोपे ठेवायची असतील, अगर रोपे विकायची असतील, तर बाहेरून वायू द्यावा लागतो. त्याचा सर्वांत स्वस्त उपाय स्वयंपाकघरातला आहे.

प्लॅस्टिकची दोन लिटरची रिकामी बाटली घ्यावी. तीत सुमारे २०० ग्रॅम साखर कोमट पाण्यात विरघळवावी आणि बाटली तीन-चतुर्थांशच भरावी. पाव चहाचा चमचा बेकरीचे यीस्ट घालावे. साखरेऐवजी गूळही चालतो, पण फेस अधिक येतो. क्लोरीनचे पाणी वापरू नये, त्याने यीस्ट मरते. बुचाला भोक पाडून नळी घट्ट बसवावी. ती दुसऱ्या, थोडे पाणी भरलेल्या लहान बाटलीत बुडवावी आणि त्या बाटलीच्या वरच्या मोकळ्या जागेतून निघालेली दुसरी नळी पेटीत न्यावी. मधली बाटली फेस व आंबलेले पाणी अडविते. तिच्यातले बुडबुडे मोजताही येतात. काही तासांत, फार तर एका दिवसात, बुडबुडे सुरू होतात आणि हवामानानुसार दोन-तीन आठवडे चालतात. उन्हाळ्यात आंबणे जलद होते आणि बाटली लवकर संपते, थंडीत ती रेंगाळते.

येथे चार गोष्टी पाळल्याच पाहिजेत.

एक, बाटली काचेची नसावी आणि वायूची वाट कधीही पूर्ण बंद करू नये. यीस्टला थांब म्हणून सांगता येत नाही. नळी चिमटली की दाब वाढतो आणि बाटली फुटते.

दोन, पेटीतले पाणी नळीने उलटे खाली उतरू नये म्हणून एकाच दिशेने वायू जाऊ देणारी झडप बसवावी आणि बाटली कलंडणार नाही अशी ठेवावी. आंबलेले पाणी पेटीत गेले तर मासे हाती लागत नाहीत.

तीन, पोरांच्या हाताला येईल तेथे बाटली ठेवू नये. संपलेले पाणी कोणी चाखू नये. ते खतखड्ड्यात ओतावे.

चार, लिंबूसत्त्व व खाण्याचा सोडा बंद बाटलीत एकत्र करून वायू करण्याचा प्रयोग घरगुती सामानाने करू नये. त्याचा दाब क्षणात चढतो. त्यासाठी दाब सोडणारी झडप असलेला बाजारी संचच हवा.

कोणी विचारील, गोबरगॅसमध्येही कर्बवायू असतोच की, तोच का सोडू नये? गोबरगॅसमध्ये तो तीस ते चाळीस टक्के असतो हे खरे. पण उरलेला बहुतेक भाग पेट घेणारा मिथेन असतो, आणि सोबत कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही असतो. तो माशांना विष आहे. गोबरगॅस चुलीलाच शोभतो.

थोडासाच वायू, पण विरघळलेला

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटीत माती-वाळू वजा जाता साधारण ५५ ते ६० लिटर पाणी मावते. या पाण्यात लिटरला २५ मिलिग्रॅम कर्बवायू आणायचा तर एका वेळी फक्त दीड ग्रॅम वायू विरघळावा लागतो. आणि २०० ग्रॅम साखरेतून, पूर्ण आंबली तर, सुमारे १०० ग्रॅम वायू निघू शकतो. मग तो पुरत का नाही? कारण मोठे बुडबुडे सरळ वर जाऊन फुटतात आणि वायू घरात पसरतो. पाण्यात राहिला तोच खरा.

म्हणून बुडबुडा बारीक करावा आणि त्याला पाण्यात जास्त वेळ रेंगाळत ठेवावे. बाजारात यासाठी चिनी मातीची बारीक छिद्रांची चकती मिळते. ती नसेल तर काचेची लहान वाटी पाण्यात उपडी बसवून तिच्यात वायू साठू द्यावा. वाटीखालचा वायू हळूहळू पाण्यात शिरतो. फिल्टरच्या पाण्याची धार त्या बाजूने गेली तर आणखी चांगले. पृष्ठभाग फार खळखळवू नये. सोडा वॉटरची बाटली हलवल्यावर वायू जसा उडून जातो, तसाच पेटीतलाही जातो. हवेचा पंप दिवसा बंद आणि रात्री सुरू ठेवावा, तो याच कारणाने. रात्री वायू उडून गेलेलाच बरा.

सिलिंडरची सोयही आता शहरातून मिळते. तिच्यात झडपेने बुडबुडे मोजून सोडता येतात आणि रात्री वायू बंद करता येतो, हा मोठा फायदा. दिवा लागण्याआधी एक-दोन तास वायू सुरू करावा आणि दिवा मालवण्याआधी एक तास बंद करावा. पण सिलिंडर नेहमी उभा, भिंतीला बांधलेला आणि वारा खेळत्या खोलीत असावा. हा वायू हवेपेक्षा जड आहे, तो खाली साचतो. जुन्या विहिरीत व धान्याच्या पेवात उतरलेली माणसे गुदमरून दगावतात, त्यातही पुष्कळदा याच वायूचा हात असतो. बंद खोलीत सिलिंडर गळत राहिला तर धोका तोच.

"द्रवरूप कर्ब" म्हणून काही बाटल्या दुकानात मिळतात. त्यांत बहुधा ग्लुटारल्डिहाइड हे जंतुनाशक असते. तो कर्बवायू नव्हे. त्याने शेवाळ मरते, पण प्रमाण चुकले तर मासेही मरतात, आणि व्हॅलिसनेरियाची पाने विरघळून जातात. हाताला लागू देऊ नये, मुलांपासून दूर ठेवावे.

मोजावे कसे?

शेतीत माती परीक्षण, तसे येथे पाणी परीक्षण. दोन गोष्टी पाहायच्या : पाण्याचा सामू आणि पाण्यातला बायकार्बोनेट क्षार, ज्याला मत्स्यपेटीवाले केएच म्हणतात. केएचचा एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १८ मिलिग्रॅम चुनखडीइतका क्षार. दोन्ही मोजण्याचे थेंबांचे संच रंगीत मासे विकणाऱ्या दुकानांतून मिळतात.

कर्बवायू पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होते आणि सामू खाली येतो. क्षार किती आहे ते ठाऊक असेल तर सामूवरून वायू काढता येतो. केएच ४ अंश असताना सामू ७ असेल तर वायू लिटरला सुमारे १२ मिलिग्रॅम, सामू ६.८ असेल तर १९; ६.६ असेल तर ३०, आणि ६.४ वर आला तर ४८, म्हणजे धोका. केएच ८ अंश असेल तर सामू ७.२ ला १५, ७ ला २४ आणि ६.८ ला ३८. पाणी जास्त क्षाराचे, केएच १२ असेल, तर ७.२ ला २३ आणि ७ लाच ३६. यावरून ध्यानात येईल की सामू केवळ ०.३ ने उतरला की वायू दुप्पट झालेला असतो. शेजाऱ्याच्या पेटीचा सामू पाहून आपल्या पेटीचा अंदाज बांधू नये. त्याची विहीर वेगळी, आपली वेगळी.

रोपांना २० ते ३० मिलिग्रॅम पुष्कळ झाले. हलक्या उजेडाच्या पेटीला त्याच्या निम्म्यातही भागते. तीसच्या पुढे जाऊ नये. आणखी एक सावधगिरी अशी की, मातीतून किंवा लाकडातून दुसरी आम्ले पाण्यात उतरत असतील तर हा हिशेब चुकतो आणि वायू असतो त्यापेक्षा जास्त दिसतो.

त्यावर सोपा उपाय म्हणजे रंगाची कुपी. काचेच्या एका लहान उपड्या कुपीत ४ अंश केएचचे तयार पाणी व ब्रोमोथायमॉल ब्लू या रंगद्रव्याचे थेंब घालून ती पेटीत आतून चिकटवितात. पेटीतला वायू कुपीच्या हवेतून या पाण्यात शिरतो. रंग निळा राहिला तर वायू कमी, हिरवा झाला तर सुमारे ३०, पिवळा पडला तर अति. फक्त ही कुपी दीड-दोन तास मागची गोष्ट सांगते, एवढे विसरू नये. रंग पालटला नाही म्हणून घाईने झडप उघडत गेलात तर दोन तासांनी पस्तावाल. दोन-तीन सेकंदांस एक बुडबुडा इथून सुरुवात करावी, दिवसाला थोडेच वाढवावे, आणि पहिल्या वाढीच्या दिवशी घरात कोणी तरी पेटीवर लक्ष ठेवणारे असावे.

मासा बोलत नाही, पण सांगतो

सर्वांत चांगले मापक मासाच आहे. माशाच्या रक्तातला कर्बवायू कल्ल्यांतून पाण्यात जातो. पाण्यातच तो दाटला असेल तर रक्तातला वायू बाहेर पडत नाही. रक्त आम्ल होते आणि त्याला प्राणवायू नीट धरता येत नाही. म्हणजे पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. रोपांवर बुडबुडे दिसतात, सारे छान दिसते आणि मासे मात्र वर येऊन तोंड उघडझाप करतात, कल्ले भराभर हलवितात, कोपऱ्यात सुस्त पडतात.

असे दिसले तर विचार करीत बसू नये. वायूची नळी पेटीतून बाहेर काढावी. हवेचा पंप सुरू करावा. पंप नसेल, वीज गेली असेल, तर तांब्याने पेटीतलेच पाणी काढून वीतभर उंचीवरून पुन्हा पेटीत ओतत राहावे. यात वायू उडतो आणि प्राणवायू मिसळतो. मग तिसरा हिस्सा पाणी बदलावे. मासे बहुधा तासाभरात सावरतात. औषध किंवा मीठ घालण्याची गरज नसते.

यीस्टची बाटली रात्री बंद होत नाही, हे येथे पुन्हा आठवावे. रात्री रोपे वायू घेत नाहीत, उलट सोडतात, आणि बाटलीही सोडतच असते. म्हणून रात्री नळी पेटीबाहेर काढून ठेवावी किंवा हवेचा पंप चालू ठेवावा. पहाटे मेलेल्या माशांपैकी पुष्कळांचा जीव एवढ्याशा कामाने वाचला असता.

पाणी बदलतानाही एक गोष्ट पाळावी. विहिरीच्या, विशेषतः खोल बोअरच्या पाण्यात पुष्कळदा कर्बवायू जास्त व प्राणवायू कमी असतो. असे पाणी थेट पेटीत घालू नये. आदल्या दिवशी पसरट टिपात काढून, दोन-चार वेळा उंचावरून ओतून, मग वापरावे.

शेततळ्यालाही हाच नियम

ज्यांनी शेततळ्यात रोहू-कटला सोडला आहे, त्यांनी हे हौसेचे प्रकरण म्हणून पान उलटू नये. तळे म्हणजे मोठी मत्स्यपेटीच, फक्त रोपांच्या जागी पाण्यातले सूक्ष्म हिरवे शेवाळ. पाणी जितके गर्द हिरवे, तितकी ही ये-जा मोठी. भर दुपारी शेवाळ सारा कर्बवायू ओढून घेते आणि सामू ९ च्याही वर जाऊ शकतो. पहाटे वायू साचून सामू उतरलेला असतो आणि प्राणवायू सर्वांत कमी असतो. आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिले तर प्राणवायू तयारच होत नाही, आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात.

अशा दिवसांत खाद्य थांबवावे, शेणखत मुळीच टाकू नये. रात्री व पहाटे पंप लावून तळ्याचेच पाणी फवाऱ्यासारखे तळ्यात सोडावे. विरलेला चुना पाण्यातला कर्बवायू धरून ठेवतो, म्हणून जाणकार तो देतात. पण तो सामूही चढवितो, आणि सामू चढला की पाण्यातला अमोनिया अधिक विषारी होतो. म्हणून सामू मोजल्याशिवाय, दुपारच्या वेळी किंवा अंदाजाने चुना टाकू नये. मात्रा मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यास विचारूनच ठरवावी.

रानातली रोपे रानातच

पाणवनस्पतींना बाजार आहे असे कळले की ओढ्यातून उपटून आणण्याचा मोह होतो. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या भरपूर वाढणाऱ्या वनस्पतींचे थोडे फुटवे आणून घरी वाढविण्यास हरकत नसावी. पण सह्याद्रीच्या सड्यांवरील दुर्मिळ रोपांना हात लावू नये. २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या कासच्या पठारावर आढळणारा वायतुरा हा जगात फक्त सह्याद्रीच्या काही भागांतच आहे. तो पेटीत जगविण्यापेक्षा पठारावर जगू देणे शहाणपणाचे. तसेच पेटीतली परकी रोपे व मासेही ओढ्यात, तळ्यात फेकू नयेत. नको झालेली रोपे वाळवून खतात घालावीत.

जोडधंद्याचा विचार असणाऱ्यांनी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनाचाही समावेश करण्यात आला होता. यंदा काय सवलती आहेत ते तेथेच कळेल. मात्र कर्ज काढून दहा पेट्या मांडण्याआधी एक पेटी वर्षभर सांभाळून पाहावी. उन्हाळ्यात तापलेले पाणी, पावसाळ्यातली खंडित वीज आणि थंडीतली मंद वाढ, असे तिन्ही ऋतू तिने पाहू द्यावेत.

घरातल्या घरात कामाची वाटणी

हे काम एकट्याचे नाही, आणि अवघडही नाही. सकाळी दिवा लावणाऱ्याने आधी मासे पाहावेत, मग दिवा. शाळेतून आल्यावर मुलांनी कुपीचा रंग पाहून वहीत लिहावा : निळा, हिरवा की पिवळा. आठवड्यातून एकदा सामू व केएच मोजून त्याच वहीत तारखेसह नोंदवावा, आणि चौथा हिस्सा पाणी बदलून पिवळी पाने खुडावीत. बाटली कोणत्या दिवशी भरली तेही लिहावे, म्हणजे ती संपण्याआधी दुसरी तयार ठेवता येते. वायू एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा मुळीच नाही, असे झाले की शेवाळ हमखास डोके वर काढते, असा पुष्कळ जाणकारांचा अनुभव आहे. थोडा पण रोजचा वायू हा चढउताराच्या भरपूर वायूपेक्षा बरा. रात्री झोपण्याआधी शेवटी जो दार लावील त्याने पेटीची नळी बाहेर काढली की नाही, हवेचा पंप सुरू केला की नाही, एवढे पाहून मगच अंथरुणाला पाठ टेकावी.